नवीन पीस, पन्नास जणांची फुंकर आणि माझे बिचारे कान

आधीच सांगते, मी काही जाणकार वगैरे नाही, शाळेत तीन वर्षं क्लॅरिनेट वाजवलं आणि रीड, म्हणजे तोंडात धरायची ती वेताची पट्टी, चावून चावून शेवटी सोडून दिलं, एवढंच आपलं भांडवल. परवा विंड बॅण्डच्या कार्यक्रमाला गेले कारण मैत्रीण त्यात बासून (ते लांबलचक, खर्जातलं फुंकवाद्य) वाजवते, आणि एक कोरी करकरीत रचना पहिल्यांदाच वाजणार होती, २२ मिनिटांची. "आवडलं नाही तरी चालेल पण मधेच उठून जाऊ नकोस गं" असं तिने आधीच बजावलं होतं, त्यावरून काय ते समजायचं.

विंड बॅण्ड म्हणजे व्हायोलिन-चेलो काही नाही, सगळी फुंकून वाजवायची वाद्यं आणि मागे तालवाद्यं, फार तर कोपऱ्यात एखादा डबल बास नि पियानो. सुरुवात इंग्लिश संगीतकार होल्स्टच्या १९०९ च्या पहिल्या सुइटने (छोट्या भागांची माळच ती) केली, ती सोपी जाते, खालच्या सुरांच्या पितळी वाद्यांमध्ये एक छोटीशी धून येते आणि तीच फिरून फिरून वेगवेगळ्या वाद्यांत ऐकू येते, दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला आपण मनातल्या मनात गुणगुणायला लागतो. छान वाजवली. त्याच्यावर जास्त काय लिहायचं.

मग नवीन पीस. कंडक्टरने हात खाली आणला आणि... काहीच नाही. म्हणजे मला आधी तसंच वाटलं, माझ्या मागच्या काकांनी तर "एसी सुरू केला वाटतं" असं शेजारच्याला ऐकू जाईल इतक्या जोरात सांगितलं. नंतर लक्षात आलं की पन्नासच्या पन्नास जण वाद्यात नुसती हवा सोडतायत, सूर लावतच नाहीयेत, ट्यूबाची हवा जाड, फ्लूटची बारीक आणि जरा शिट्टीसारखी, ती डावीकडून उजवीकडे सरकत जाते. मग त्यात कीज नुसत्याच दाबल्याची टकटक. एरवी आपण जे ऐकू येऊ नये म्हणून धडपडतो तेच सगळं पुढे आणून मांडलंय. चार मिनिटं हे चाललं आणि मी खरंच श्वास धरून बसले होते, माझ्यासाठी पैसे तिथेच वसूल.

त्यानंतर पहिला खरा सूर येतो तो पण एक नाही, एकाच क्लॅरिनेटमधून दोन-तीन सूर एकदम, चिरकल्यासारखे. याला मल्टिफोनिक म्हणतात, बोटं नेहमीपेक्षा वेगळी ठेवायची आणि ओठांचा, फुंकेचा दाब बदलायचा. शाळेत माझ्याकडून हा आवाज चुकून निघायचा तेव्हा सर डोळे वटारायचे, आता तोच लोक मुद्दाम लिहून देतात, आपला काळच चुकला बघा.

सगळ्यात भारी भाग मधला. कंडक्टर ताल द्यायचंच थांबतो, नुसता उभा, आणि डाव्या हाताने बोटं दाखवतो, एक, मग दोन, मग तीन. मैत्रिणीने नंतर सांगितलं की प्रत्येकाच्या कागदावर चौकटी असतात, चौकटीतले सूर ज्याने त्याने आपापल्या स्पीडने परत परत वाजवायचे, बोट बदललं की पुढच्या चौकटीत जायचं. ऐकताना अंधारात पाखरांचा थवा उठल्यासारखं वाटतं, कोण कुठे आहे कळत नाही पण गोंधळही वाटत नाही.

आता तक्रार. साधारण बाराव्या मिनिटापासून मागचे सहा तालवाद्यवाले जे सुटतात ते सुटतातच. झांजेच्या कडेवर व्हायोलिनचा बो फिरवून किंचाळी काढतात ते एकदा मस्त, चौथ्यांदा कान किटतात. आणि टॅम-टॅम, ती टांगलेली भलीमोठी धातूची थाळी! ती वाजली की पुढे ओबो, क्लॅरिनेटवाल्यांची बोटं धावतायत हे डोळ्यांना दिसतं, कानाला शून्य, त्यातल्या त्यात पिकोलो, म्हणजे ती चिमुकली फ्लूट, तेवढी टिकून राहते. जी रचना फुंकेबद्दल आहे तिच्यात फुंकच ऐकू येऊ नये म्हणजे कमाल झाली. माझ्या मते पाच-सहा मिनिटं सरळ कापावीत. थोडा दोष माझ्या जागेचाही असेल, मी चौथ्या रांगेत होते, तुम्ही गेलात तर मागे आणि वर बसा. आणि ती माहितीपत्रिका! "काळ आणि पोकळी यांचं द्वंद्व" असलं पानभर लिहिलंय, सुरुवातीला फक्त हवा ऐकू येणार आहे ही एक ओळ टाकली असती तर काका गप्प बसले असते.

शेवटी मूळचा चेक संगीतकार कारेल हुसा याचं "म्युझिक फॉर प्राग १९६८" होतं, सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये घुसले त्या वर्षी लिहिलेलं. त्यातला तिसरा भाग अख्खा फक्त तालवाद्यांचा आहे, फुंकवाद्यं पूर्ण गप्प. तालवाद्यांना मोकळं रान द्यायचं तर असं द्यावं ना, दोघांना एकाच वेळी ओरडायला लावून काय मिळतं? पण हेही खरं की नवीन पीसने कान साफ झाले होते म्हणून हुसा मला या वेळी जास्त कळला, आधी रेकॉर्डिंग ऐकलं होतं तेव्हा अर्ध्यात बंद केलं होतं.

पाचपैकी साडेतीन. अशा रचनांचा खर्च बऱ्याचदा अनेक बॅण्ड मिळून वर्गणी काढून करतात, त्यामुळे कुठेतरी परत वाजेलच, मी परत जाईन.

बाहेर आल्यावर मैत्रीण बासूनचे तुकडे केसमध्ये भरत होती. नवीन पीसमध्ये साठेक बार (तालाची आवर्तनं) ती गप्प बसते आणि मग वरचा एकच लांब सूर, सोलो, महिनाभर त्याच्यावर घासत होती. "ऐकलास ना?" तिने विचारलं. तो नेमका टॅम-टॅमच्या खाली होता.

"दिसला," म्हटलं.