टॅब्लेट आणि डिजिटल पेन: रसायनशास्त्राच्या अभ्यासात बरेच महिने वापरल्यानंतर

विज्ञान शाखेत असाल आणि टॅब्लेट घ्यायच्या विचारात असाल, तर आधी पेनाची चौकशी करा, टॅब्लेटची नंतर. पदव्युत्तर रसायनशास्त्राच्या अभ्यासासाठी मी बरेच महिने टॅब्लेट वापरतेय आणि हे मत दिवसेंदिवस पक्कंच होत गेलंय. आमच्या नोट्समध्ये सलग मजकूर कमी आणि षटकोन, वळणदार बाण, इंटिग्रल, ग्रीक अक्षरं, ऊर्जेचे आलेख जास्त. हे सगळं लेक्चर चालू असताना कीबोर्डवर उतरवायला गेलं तर फळा पुसला जातो तरी आपण पहिल्याच समीकरणावर. लेटेक्स, म्हणजे समीकरणं टाइप करायची प्रणाली, मला बऱ्यापैकी येतं, पण ते प्रबंधासाठी.

माझं पेन ईएमआर (इलेक्ट्रोमॅग्नेटिक रेझोनन्स) प्रकारचं आहे. स्क्रीनखालची तारांची जाळी विद्युतचुंबकीय क्षेत्र तयार करते आणि पेनातलं कॉइल त्यातूनच ऊर्जा घेतं, त्यामुळे लिहिण्यासाठी पेन चार्ज करावं लागत नाही. सॅमसंगचं एस पेन याच तत्त्वावर चालतं. ॲपल पेन्सिलमध्ये बॅटरी असते, म्हणजे लेक्चरच्या आधी तिच्या चार्जिंगकडेही बघायचं. दाबाच्या 4096 पातळ्यांची जाहिरात चित्रकारांसाठी ठीक आहे, आपल्याला तिचा फारसा उपयोग नाही. बघायचं ते हे, की तळहात टेकवून बिनधास्त लिहिता येतं का, आणि वरची काच व डिस्प्ले यांच्यात फट आहे का. फट असली की पेनाचं टोक एकीकडे आणि रेघ किंचित दुसरीकडे दिसते. घेण्यापूर्वी सल्फ्युरिक आम्लाचं सूत्र अगदी बारीक अक्षरात लिहून बघा. खालचे 2 आणि 4 हव्या त्या जागी पडले तर पेन चांगलं.

सगळ्यात जास्त फायदा झाला तो ऑरगॅनिकच्या मेकॅनिझममध्ये, म्हणजे अभिक्रिया टप्प्याटप्प्याने कशी होते ते दाखवताना. सरांच्या स्लाइडवर बहुतेक वेळा सुरुवातीचा रेणू आणि शेवटचा रेणू असतो, मधली गोष्ट ते बोलता बोलता सांगतात. ती मी त्याच स्लाइडवर लाल रंगात लिहिते. इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात हे दाखवणारा बाण इलेक्ट्रॉनच्या जोडीपासून निघाला पाहिजे, म्हणजे बंधापासून किंवा लोन पेअरपासून (बंधात नसलेल्या जोडीपासून). नुसत्या अणूपासून नाही. झूम करून बाणाचं शेपूट नेमकं बंधावर ठेवता येतं, आणि महिन्याभराने उघडलं तरी कोणते इलेक्ट्रॉन कुठे गेले ते स्पष्ट दिसतं. एनएमआरचंही (रेणूची रचना ओळखायच्या स्पेक्ट्रमचंही) तसंच. स्पेक्ट्रमची पीडीएफ मोठी करायची, ट्रिपलेटमधल्या, म्हणजे तीन रेघांत फुटलेल्या शिखरातल्या, रेघांमधलं अंतर बघायचं, शेजारी त्यावरून निघणारा कपलिंग कॉन्स्टंट लिहायचा. छापील कागदावर ते शिखर म्हणजे एक काळा ठिपका असायचा.

पण सराव करताना दोन सोयींपासून मी मुद्दाम लांब राहते. एक म्हणजे लॅसोने (चित्राभोवती रेघ काढून ते निवडायच्या साधनाने) कॉपी-पेस्ट. सायक्लोहेक्झेनची खुर्ची (सहा कार्बनच्या कड्याची खुर्चीसारखी आकृती) एकदा काढून दहा ठिकाणी चिकटवता येते, आणि लेक्चरमध्ये मी तेच करते. सराव करताना मात्र दर वेळी नव्याने काढते, कारण समोरासमोरच्या बाजू समांतर ठेवण्याची सवय हाताला लागल्याशिवाय ॲक्सियल-इक्वेटोरियल (कड्याला उभे आणि बाजूला जाणारे) बंध पटकन जमत नाहीत. दुसरी म्हणजे अनडू. डेरिव्हेशनमधली (सूत्र सिद्ध करतानाची) चुकलेली पायरी क्षणात गायब होते आणि आपण कुठे अडखळलो याचा मागमूस राहत नाही. मी ती पायरी आडवी रेघ मारून तशीच ठेवते. उजळणीला त्याच रेघा सगळ्यात उपयोगी पडतात.

हाताने लिहिल्यावर जास्त लक्षात राहतं, असं म्हणणारे बहुधा मुलर आणि ओपनहायमर या संशोधकांच्या 2014 च्या शोधनिबंधाचा दाखला देतात. त्यात हाताने आणि लॅपटॉपवर नोट्स घेणाऱ्यांची तुलना होती. 2019 मध्ये तो प्रयोग पुन्हा झाला तेव्हा फरक तितका ठळक दिसला नाही, हे सहसा कोणी सांगत नाही. 2024 च्या सुरुवातीला नॉर्वेतल्या संशोधकांनी 36 विद्यार्थ्यांच्या मेंदूचं ईईजी (विद्युत संकेतांची नोंद) घेऊन केलेला अभ्यास आला. टायपिंगपेक्षा हाताने लिहिताना मेंदूच्या भागांमधली जोडणी अधिक व्यापक दिसली. आपल्या दृष्टीने महत्त्वाचं हे, की त्यातलं हाताने लिहिणं टचस्क्रीनवर डिजिटल पेनानेच होतं. किती लक्षात राहिलं हे त्यात मोजलेलं नव्हतं, म्हणून एवढ्यावर टॅब्लेट घेऊ नका. पण ‘काचेवर लिहिणं म्हणजे लिहिणंच नव्हे’ ही भीतीही बाळगू नका.

लॅबमध्ये निरीक्षणांची नोंद अजूनही बांधीव वहीत, शाईच्या पेनाने. ते बरोबरच आहे. टॅब्लेट मी झिपच्या प्लास्टिक पिशवीत घालून प्रोसिजर वाचायला नेते. पेन पिशवीवरूनही चालतं. ग्लोव्ह्ज घातलेला हात पिशवीच्या आत घालायचा नाही, हा नियम मी काटेकोर पाळते. टीएलसी प्लेटचा (मिश्रणातले घटक ठिपक्यांच्या रूपात वेगळे करणाऱ्या पातळ थराच्या पट्टीचा) यूव्हीखाली फोटो घेऊन त्यावरच सॉल्व्हंट फ्रंट (द्रावक जिथवर चढला ती रेघ) आणि ठिपक्यांची अंतरं लिहिली की आरएफ, म्हणजे या दोन अंतरांचं गुणोत्तर, काढणं आणि नंतर तुलना करणं फार सोपं जातं.

तक्रारीही आहेत. हस्ताक्षरातला शब्द सर्चमध्ये सापडतो, पण रचनासूत्र सापडत नाही, म्हणून प्रत्येक पानावर ठसठशीत शीर्षक लिहावंच लागतं. अकरा इंची स्क्रीनचे दोन भाग केले की शोधनिबंध आणि नोट्स दोन्ही कोंडल्यासारखे होतात. टेबलावर चार कागद पसरण्याची मोकळीक इथे नाही. कागदासारख्या स्पर्शाची फिल्म लावली तर अक्षर सुधारतं, मात्र निब (पेनाचं टोक) लवकर झिजते आणि स्क्रीन थोडी धुरकट वाटते. नोट्स ॲपच्या फॉरमॅटमध्ये अडकवून ठेवू नका, दर आठवड्याला पीडीएफ करून दुसरीकडे ठेवा.

परीक्षा कागदावर असेल तर शेवटचे काही आठवडे सरावही कागदावरच करा. स्क्रीनवर झूम करून लिहायची सवय झाली की अक्षराचा आकार आणि ओळींचा अंदाज बदलतो. मी जुन्या प्रश्नपत्रिका आता घड्याळ लावून, साध्या पेनाने सोडवते आणि तपासताना स्कॅन करून टॅब्लेटवर घेते.