चाक मध्येच किंचाळतंय: पॅड बदलायचे की साफसफाई पुरे?

ब्रेक दाबल्यावर आवाज येतो, की ब्रेक दाबल्यावर आवाज जातो? गॅरेजची पायरी चढण्याआधी एवढं एक उत्तर आपल्याजवळ असलं, तर बराच नाहक खर्च वाचतो. मला ते उशिरा कळलं.

चिपळूणहून कऱ्हाडला, कुंभार्ली घाटातून, माझी महिन्यातून दोन-तीनदा ये-जा असते. गाडी साधी हॅचबॅक, पुढे डिस्क ब्रेक (चाकाबरोबर फिरणारी चकती म्हणजे डिस्क, तिला दोन बाजूंनी दोन पॅड दाबतात), मागे ड्रम ब्रेक (फिरत्या डब्याला आतून लायनर घासतात). एका पावसाळ्यानंतर पुढून चीं-चीं सुरू झाली, तीही लहरीप्रमाणे. कधी सकाळी, कधी घाट उतरल्यावर, आणि गाडीत पाहुणे असले की हमखास. एका गॅरेजने पुढचे पॅड बदलून दिले. महिनाभर शांतता, मग पुन्हा तीच चीं-चीं.

अधूनमधून येणाऱ्या आवाजाची खोड हीच. काहीही नवं टाकलं की तो चार दिवस गप्प बसतो आणि रोग गेल्यासारखा वाटतो. त्यामुळे काय बदलायचं हे ठरवण्याआधी आवाजांची नीट निवडानिवड करावी लागते.

दाबल्यावर जाणारा आणि दाबल्यावर येणारा

पाय ब्रेकवर नाही, गाडी चालते आहे, चाकाच्या वेगाबरोबर बारीक चिरका आवाज येतो, आणि पेडल दाबलं की तो थांबतो किंवा बदलतो. असं असेल तर पहिला संशय पॅड संपत आल्याचा. बऱ्याच पॅडना पोलादाची एक छोटी पत्ती बसवलेली असते. नव्या पॅडवरचा थर साधारण १० ते १२ मिमी असतो. तो २-३ मिमीवर आला की पत्ती डिस्कला टेकते आणि किंचाळते. ती बिघाड नाही, सूचना आहे. सुरुवातीला ती जेमतेम टेकलेली असते, म्हणून आवाज येतो-जातो. मात्र स्वस्तातल्या काही पॅडना ही पत्तीच नसते, तेव्हा आवाज नाही म्हणजे पॅड शाबूत, असं धरून चालू नका. बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची पातळी बघा. पॅड झिजले की ती हळूहळू खाली येते. एकदम उतरली असेल तर मात्र गळती शोधायला हवी.

दुसरा प्रकार याच्या उलट. सिग्नलजवळ पाय हलका ठेवला की कुईं, आणि करकचून दाबलं की काही नाही. इथे पॅड पुष्कळ शिल्लक असू शकतो. फळ्यावर खडू किंचाळतो तसंच हे आहे, अडकणं आणि सुटणं फार भरभर होत राहतं आणि त्या थरथरीचा आवाज होतो. शाळेत आपण खडू मोडून आखूड करायचो की तो गप्प व्हायचा. काही मिस्त्री पॅडच्या कडा कानशीने उतरत्या करून देतात, ती याच जातीची युक्ती. घाटात ब्रेकवर पाय टेकवून उतरणाऱ्यांच्या पॅडचा पृष्ठभाग तापून काचेसारखा चकचकीत होतो, आणि हा आवाज बहुतेकदा तिथून सुरू होतो. उतारावर दुसरा गियर ठेवा, इंजिन गाडी धरतं.

रात्रभर पावसात उभ्या राहिलेल्या गाडीच्या पहिल्या तीन-चार ब्रेकना येणारी खरखर यात धरू नका. डिस्कवर तांबूस गंज चढतो, पॅड तो पुसून काढतात. कोकणात तर हे रोजचंच.

आणि एक फसवा प्रकार. कच्च्या रस्त्यावरून आलात आणि अचानक पत्रा घासल्यासारखा सलग आवाज सुरू झाला, तर डिस्क आणि तिच्यामागचा संरक्षक पत्रा यांच्यामध्ये खडा अडकला असण्याची शक्यता मोठी. मोकळ्या जागी गाडी थोडी मागे-पुढे घ्या. पुष्कळदा खडा गळून पडतो आणि बिल होतं शून्य.

पुढे की मागे, चाक की इंजिन

सपाट, रिकाम्या रस्त्यावर चाळीसच्या वेगाला गाडी न्यूट्रल करा. इंजिन बंद करू नका, नाहीतर ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतील. आवाज तसाच राहिला तर तो चाकाकडचा. गाडी उभी असताना ॲक्सिलरेटर दिल्यावर, किंवा एसी लावल्यावर चिरकत असेल तर इंजिनच्या बेल्टकडे बघा, चाकं खोलून काही मिळणार नाही.

मागचं ओळखायला रिकाम्या मैदानात दहा-पंधराच्या वेगाला बटण दाबून धरून हँडब्रेक हळूच ओढा. बहुतेक गाड्यांत तो फक्त मागच्या चाकांना लागतो. आवाज बदलला तर ड्रम उघडून साफ करायचे. ड्रममधली भुकटी तोंडाने किंवा हवेच्या पाइपने उडवू देऊ नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, आणि नव्यातली धूळही फुप्फुसांना बरी नव्हे.

चाक ज्यावर फिरतं त्या बेअरिंगचा आवाज सहसा किंचाळत नाही, घरघरतो. वेगाबरोबर वाढतो, ब्रेकशी त्याचा संबंध नसतो. उजव्या वळणावर भार डाव्या चाकांवर जातो, तेव्हा घरघर वाढली तर संशय डाव्या बेअरिंगवर घ्या.

साफसफाई, नवे पॅड, की डिस्कही?

पॅडवर पाच-सहा मिमी थर आहे, झीज चारही पॅडवर सारखी आहे आणि पृष्ठभाग फक्त चकचकीत झालाय, तर पॉलिश पेपर मारून, सगळं साफ करून तेच पॅड परत बसवणं पुरेसं. थर तीनच्या खाली असेल तर साफसफाईत पैसे घालवू नका, दोन्ही बाजूंचे पॅड एकदम बदला. एकाच चाकाचे बदलले तर ब्रेक लावताना गाडी एका अंगाला ओढते.

खरी मेख मधल्या अवस्थेत आहे. एका चाकाचा आतला पॅड तीन मिमी आणि बाहेरचा सात, असं दिसलं तर दोष पॅडचा नसतो. कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, ज्या पिनांवर सरकतो त्या सुकल्या किंवा गंजल्या की तो मोकळेपणी मागे येत नाही, पॅड डिस्कला चिकटून राहतो, चाक तापतं आणि ॲव्हरेजही पडतं. नवे पॅड टाकले तरी महिन्या-दोन महिन्यांत ये रे माझ्या मागल्या. पिना काढून साफ करायच्या, खास ब्रेकचं ग्रीस लावायचं, फाटलेले रबरी बूट बदलायचे. रिममधून टॉर्च मारून आपल्याला फक्त बाहेरचा पॅड दिसतो, आणि पिन अडकली की बहुधा आतला आधी झिजतो. म्हणून ‘पॅड बघितले, चांगले आहेत’ असं चाक न खोलता कोणी सांगितलं, तर मी आता मान डोलावत नाही.

डिस्क बदला असं कोणी सुचवलं तर जाडी मोजून मागा. किमान जाडीचा आकडा बहुतेक डिस्कवर कोरलेला असतो. त्याखाली गेली असेल तर नवीनच हवी. वर असेल आणि ब्रेक लावताना पेडल थरथरत असेल, तर लेथवर घासून घेण्यात अर्थ आहे. नुसत्या चीं-चींसाठी डिस्क बदलायला मी तयार होणार नाही.

डिस्कवर तेल किंवा डब्ल्यूडी-४० मारून आवाज घालवणारे महाभाग रस्त्याकडेला भेटतात. आवाज जातो, ब्रेकही जातो.

चीं-चींची खर्रर्र झाली तर साफसफाई की नवे पॅड ही तुलना तिथेच थांबवा. थर संपून लोखंडावर लोखंड घासतंय, गाडी टो करून न्या. पेडल मऊ लागणं किंवा एका चाकातून जळका वास येणं यालाही हाच नियम.

माझं निदान शेवटी दुसऱ्या गॅरेजमधल्या एका वयस्कर मिस्त्रींनी केलं. आधी चाक खोललंच नाही. शेजारी बसले, चारही काचा खाली करायला लावल्या आणि म्हणाले, “आता त्या कंपाउंडच्या भिंतीला लागून हळू घ्या.” भिंतीवरून आवाज परत येतो, त्यामुळे तो कुठल्या बाजूचा हे कळतं. आधी उजवी बाजू भिंतीकडे घेतली, काही नाही. वळून डावी घेतली आणि चीं-चीं स्वच्छ ऐकू आली. उतरून त्यांनी दोन्ही पुढच्या रिमजवळ, हात न लावता, तळवा धरला. डावीकडे चांगलीच ऊब होती. खालची पिन हातोडीने ठोकून काढावी लागली. पॅड महिन्यापूर्वीचेच होते, डावीकडचा आतला तेवढा अर्ध्यावर आला होता.