आधी कंस सोडवायचा की आधी किंमत ठेवायची?

आठवी-नववीच्या बीजगणितात हमखास येणारं उदाहरण घ्या: क्ष = ७ असताना ३(२क्ष − ५) − २(क्ष − ४) ची किंमत काढा. वाटा दोन आहेत. उत्तर एकच येतं, पण कष्ट कमीजास्त पडतात आणि चुकाही वेगवेगळ्या ठिकाणी होतात.

थेट किंमत ठेवली तर पहिल्या कंसात १४ − ५ म्हणजे ९, दुसऱ्यात ३. मग २७ − ६ = २१. झालं! आधी कंस सोडवले तर ६क्ष − १५ − २क्ष + ८, सरूप पदं एकत्र करून ४क्ष − ७, आणि शेवटी २८ − ७ = २१. एकाच किमतीसाठी एवढा खटाटोप कशाला? इथे सरळ पहिली वाट धरा.

पण क्ष = १, −२, ०.५ आणि १० अशा चार किमतींचा तक्ता भरायचा असेल तर चित्र पालटतं. ४क्ष − ७ एकदा हाती आलं की −३, −१५, −५, ३३ तोंडी निघतात.

विस्तार करताना मुलं अडखळतात ती कंसाबाहेरच्या वजा चिन्हापाशी. −२(क्ष − ४) चं −२क्ष − ८ करून मोकळी होतात. −२ ने कंसातल्या दोन्ही पदांना गुणायचं असतं, आणि −२ गुणिले −४ म्हणजे +८. हे एक चिन्ह चुकलं की २१ ऐवजी ५ येतं. पुढची आकडेमोड बिनचूक असल्याने चूक कुठे झाली ते सापडतही नाही. थेट वाटेवर धोका ऋण किमतींचा. क्ष = −३ असताना क्ष² च्या जागी नुसतं −३² लिहिलं की ९ चं −९ होतं. किंमत कंसात घालूनच ठेवावी: (−३)². ही सवय लागली की थेट वाट बरीच निर्धोक होते, म्हणून चिन्हांत घोटाळणाऱ्या मुलाकडून मी आधी तीच घोटून घेईन.

राशीचं रूपही पाहायला हवं. (क्ष + ३)² − (क्ष − ३)² मध्ये क्ष = ४७ ठेवलं तर ५० आणि ४४ चे वर्ग करावे लागतात. विस्तार केला तर क्ष² आणि ९ दोन्ही उडून फक्त १२क्ष उरतं, म्हणजे ५६४. किती सुंदर! उलट (क्ष − १)(क्ष − २)(क्ष − ३) मध्ये क्ष = ७ असेल तर ६ × ५ × ४ = १२०. इथे विस्तार करून ७ चा घन काढत बसू नये.

प्रश्नातच ‘विस्तार करा’ म्हटलं असेल तर निवडीचा प्रश्न नाही, पण थेट किंमत ठेवायची वाट पडताळ्याला कामी येते. मूळ राशीत आणि विस्तारात एकच संख्या ठेवून बघा. ती ० घेऊ नका, कारण क्ष ची सगळी पदं नाहीशी होऊन सहगुणकातली चूक लपते. १ घेतल्यास घातांकातली चूक लपते. २ किंवा ३ घ्या.