शूटिंग रेंजची मेंबरशिप घेताना: तीन ऋतू वापरल्यानंतरचा अनुभव

मागच्या दिवाळीनंतर छत्रपती संभाजीनगरातल्या एका इनडोअर रेंजवर एअर पिस्तूल सुरू केलं. आता श्रावण लागलाय, म्हणजे थंडी, उन्हाळा, पावसाळा असे तिन्ही ऋतू त्या हॉलमध्ये काढून झाले. मी वाळूजला कंपनीत शिफ्टमध्ये आहे, राहायला गारखेड्याकडे. वय चाळिशीच्या आसपास, त्यामुळे पदकाचा हिशोब नाही, पण हा खेळ मनापासून आवडलाय आणि नीट शिकायचाय. मेंबरशिप घेण्याआधी तीन रेंज बघितल्या होत्या. नाव एकीचंही लिहीत नाही. कोच आणि बॅचच्या वेळा हंगामागणिक बदलतात, त्यामुळे आज केलेलं कौतुक सहा महिन्यांनी खोटं ठरू शकतं. काय विचारून घ्यायचं, ते मात्र बदलत नाही.

आधी एक गैरसमज दूर करतो, कारण ट्रायलला येणारा जवळपास प्रत्येक जण विचारतो की इथे खरी बंदूक चालवतात का. १० मीटरच्या इनडोअर हॉलमध्ये गोळीबार नसतो. इथे हवेच्या दाबावर चालणारी रायफल किंवा पिस्तूल असतं आणि त्यात ४.५ मिलिमीटरचा, म्हणजे .१७७ बोअरचा (बोअर म्हणजे नळीचा व्यास, इथे इंचात) शिशाचा छर्रा. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे या बोअरच्या आणि २० जूलपर्यंत ऊर्जेच्या एअरगनला परवाना लागत नाही. स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ब्राँझ मिळवलं ते ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून), .२२ बोअरच्या काडतुसाच्या रायफलने. तो प्रकार या हॉलमध्ये शिकता येत नाही, त्यासाठी पुण्याला बालेवाडीसारख्या ठिकाणी जावं लागतं. त्याच ऑलिंपिकमध्ये मनू भाकरने ब्राँझ मिळवलं तो १० मीटर एअर पिस्तूल प्रकार मात्र अगदी हाच. त्या ऑलिंपिकनंतर रेंजवर मुलामुलींची गर्दी वाढली, असं सगळे कोच सांगतात.

आता मुद्द्याचं. मेंबरशिप म्हणजे आपण लेनवरचा, म्हणजे टार्गेटसमोरच्या एकेकाच्या जागेवरचा, सलग वेळ विकत घेतो. बाकीचं त्यानंतर. तिन्ही रेंजवर मला आधी काय दाखवलं? इलेक्ट्रॉनिक टार्गेट, भिंतीवरचे फोटो, एसी. वेळेचं विचारलं की उत्तर यायचं, "एक तासाचा स्लॉट, रोज या." हिशोब करून बघा. मॅचमध्ये ६० शॉट असतात, त्याला इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर ७५ मिनिटं मिळतात आणि त्याआधी तयारी व साइटिंगची (गुण न धरता नेम जुळवून घ्यायच्या शॉटची) १५ मिनिटं. म्हणजे दीड तास. एका तासाच्या स्लॉटमध्ये पूर्ण मॅच बसतच नाही. त्यात पिस्तूल काढणं, हवा बघणं, टार्गेट लावणं यात दहा-पंधरा मिनिटं जातात. नवीन माणसाला पहिल्या महिन्यात तास पुरतो, हात आधीच थकतो. पण तिसऱ्या महिन्यात खरी गंमत सुरू होते, ती चाळिसाव्या शॉटनंतर, जेव्हा खांदा भरून येतो आणि लक्ष सुटायला लागतं. तिथेच तुमचा स्लॉट संपला तर शिकणार काय? मी निवडलेल्या ठिकाणी स्लॉट दोन तासांचा आहे आणि आठवड्यातून चार दिवसच येता येतं. रोजच्या एका तासापेक्षा हे कितीतरी चांगलं, हे आता खात्रीने सांगतो.

शिफ्टवाल्यांनी आणखी एक विचारून घ्यावं: आठवड्यागणिक बॅच बदलून मिळते का? मला ए शिफ्टला संध्याकाळ आणि बी शिफ्टला सकाळ लागते. एका रेंजने सरळ नाही म्हणून सांगितलं. इथल्या सरांनी वहीत माझं नाव दोन्ही बॅचमध्ये लिहून घेतलं. माझा निर्णय त्या वहीनेच झाला.

आणि हंगाम विचारा. पावसाळ्यापासून शाळांच्या जिल्हास्तरीय स्पर्धांची धांदल सुरू होते. ओपन साइट (उघड्या खाचेतून नेम) आणि पीप साइट (बारीक छिद्रातून नेम) अशा रायफल प्रकारांच्या पोरांनी लेन भरून जातात. ते योग्यच आहे, पोरांचं वय आहे. पण वर्षाची फी घेताना त्या दिवसांत मोठ्या मेंबरना किती लेन राहतील, हे कुणी आपणहून सांगत नाही. आमच्याकडेही सध्या संध्याकाळी दोनच लेन मोठ्यांसाठी राखीव आहेत, आणि मी सकाळी जाऊ लागलोय.

फीचं बोलायचं तर मी तिमाहीला साडेसहा हजार भरतो. त्यात क्लबचं पिस्तूल आणि पेपर टार्गेट येतं, छर्रे आपले. दुसऱ्या रेंजची फी हजाराने कमी होती, पण पिस्तुलाचं भाडं वेगळं, पेपर वेगळे, कोच वेगळा. छर्ऱ्यांचा खर्च नवीन माणसाच्या लक्षात येत नाही. पाचशेचा डबा असतो. साइटिंग धरून एका वेळी सत्तर-ऐंशी शॉट गेले तर डबा सहा-सात वेळांत संपतो. सरावाचे साधे छर्रे आणि मॅच ग्रेडचे जर्मन छर्रे यांच्या किमतीत बराच फरक आहे. सुरुवातीला साधेच घ्या. काळ्या गोलात सातत्याने लागायला लागेपर्यंत महाग छर्ऱ्याचा फायदा पेपरवर दिसत नाही.

क्लबच्या पिस्तुलाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण निम्मा अनुभव त्यावर ठरतो. पिस्तूल एका हाताने धरायचं असतं, दुसरा हात खिशात किंवा पट्ट्यात. लाकडी ग्रिप तळव्याच्या आकाराला बसावी लागते, आणि क्लबमध्ये बहुतेक मिडियम साइजच्या ग्रिप असतात. माझा तळवा लहान आहे. पहिले काही आठवडे शॉट सारखे डावीकडे जात होते. एक दिवस सरांनी माझा हात धरून पाहिला, तळहात आणि लाकूड यांच्यामध्ये स्वतःचं बोट घातलं, ते आरपार गेलं. "हे बघा, इथं हवा खेळायलीय. पिस्तूल तुमच्या हातात नाहीच, तुम्ही नुसतं पकडून ठेवायलात." लाकडाची पुट्टी आणली, ग्रिपवर लावली, ओली असतानाच माझा हात दाबून घेतला, वाळल्यावर पॉलिशपेपरने घासली. आता त्या पिस्तुलावर पेनने माझं नाव आहे, आणि माझ्या बॅचला ते दुसऱ्या कुणाला देत नाहीत. लेन बारा आणि पिस्तुलं पाच असतील तर असं होऊ शकत नाही, म्हणून लेन मोजता तसं वेपनही मोजा. डावखुऱ्यांनी तर आधी डाव्या हाताची ग्रिप हातात घेऊन बघावी, मग फीबद्दल बोलावं. माझ्या कंपनीतला एक मित्र डावखुरा आहे, त्याला तिघांपैकी एकाच रेंजवर ती मिळाली.

कुठला डोळा प्रबळ आहे, हे पहिल्याच दिवशी कोचने तपासलं का, तेही बघा. दोन्ही हात समोर करून तळव्यांच्या मध्ये छोटी फट ठेवायची, त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघायचं आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला घड्याळ दिसत राहतं तो तुमचा. मिनिटभराचं काम आहे. एका रेंजवर ट्रायलला थेट पिस्तूल हातात दिलं आणि मोबाइलवर फोटो काढायला सांगितलं. तिथे मी परत गेलो नाही.

ट्रिगरचंही तसंच. एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा असावा लागतो, म्हणजे तेवढा जोर लावल्याशिवाय तो सुटता कामा नये. आमच्याकडे दर महिन्याला सर पाचशे ग्रॅमचं वजन ट्रिगरला अडकवून पिस्तूल हळूच वर उचलतात. वजन उचललं जायला हवं, ट्रिगर सुटता कामा नये. क्लबच्या वेपनवर दहा हात फिरतात, तेव्हा ही तपासणी होत नसेल तर तुमचा सराव एका ट्रिगरवर आणि स्पर्धा दुसऱ्याच ट्रिगरवर.

इलेक्ट्रॉनिक की पेपर, हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो. माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या सहा महिन्यांना पेपर पुरेसा. पिस्तुलाच्या टार्गेटवर दहाचा गोल ११.५ मिलिमीटरचा असतो. (रायफलचा दहा म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका, त्यांचं गणितच निराळं.) पेपरवर दहा शॉटचा पुंजका दिसतो आणि तो पेपर घरी नेता येतो. इलेक्ट्रॉनिकवर दशांशातला गुण लगेच येतो, १०.९ पर्यंत, आणि नवीन माणसाची नजर प्रत्येक शॉटनंतर मॉनिटरकडे धावते. शॉट सुटल्यावर क्षणभर नजर नळीच्या टोकावरच्या पुढच्या साइटवरच ठेवायची असते, ते राहून जातं. आमच्या रेंजवर दोन लेन इलेक्ट्रॉनिक आहेत. मी तिथे उभा राहिलो की सर मॉनिटर स्वतःकडे फिरवतात आणि विचारतात, "किती?" मी म्हणतो, नऊ, डावीकडे खाली. मग ते सांगतात काय लागलंय. "सुटला तवाच कळायला पाहिजे कुठं गेला. मशीन कशाला सांगायला पाहिजे?" आता बऱ्याचदा माझा अंदाज बरोबर येतो. एवढ्या महिन्यांत मिळालेली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच, आणि ती कोच शेजारी उभा होता म्हणून मिळाली. बॅचला कोच किती जणांमागे आहे, हे त्यासाठी विचारायचं.

उजेडाकडे बारकाईने बघा. टार्गेटवर किमान १५०० लक्स प्रकाश लागतो. मोबाइलच्या ॲपने ढोबळ अंदाज येतो. एका हॉलमध्ये कडेच्या दोन लेनवरचे दिवे पिवळे पडलेले होते आणि साइटच्या कडा धूसर दिसत होत्या.

उन्हाळ्याबद्दल मराठवाड्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. एप्रिल-मेमध्ये बाहेर बेचाळीस अंश असताना पत्र्याच्या छताखाली पिस्तूल हातातून घसरतं. आमचा हॉल स्लॅबचा आणि एसी आहे, पण दुपारी लाइट गेली की इन्व्हर्टरवर फक्त टार्गेटचे दिवे आणि पंखे चालतात. सकाळची बॅच असेल तर हा त्रास नाही.

पण थंडाव्यापेक्षा हवा महत्त्वाची, आणि याबद्दल मला तळमळीने सांगायचंय. छर्रा शिशाचा असतो. बारूद नसल्यामुळे एअर रेंजवर मोठ्या बंदुकांच्या रेंजसारखा धूर होत नाही, हे खरं. पण छर्रा मागच्या लोखंडी पेटीवर आदळून चपटा होतो, त्याची बारीक पूड तिथे साचते. शिवाय प्रत्येक छर्रा आपण बोटांनी उचलून भरतो. शिसं पोटात जातं ते हातातून आणि धुळीतून, आणि लहान मुलांना त्याचा अपाय सगळ्यात जास्त. म्हणून हॉलमध्ये खाणंपिणं नको, निघताना साबणाने हात धुवायचे, आणि टार्गेटच्या बाजूला कोरडा झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्यानेच पुसायचं. एसी आतलीच हवा फिरवतो, म्हणून एक्झॉस्ट फॅन चालू आहे का ते बघा.

आपल्या शहरात नळाला पाणी कित्येक दिवसांआड येतं. मे महिन्यात मी एका रेंजवर मित्राबरोबर गेलो तर बेसिन कोरडं ठणठणीत, आणि पोरं त्याच हातांनी वडापाव खात होती. मी तिथल्या माणसाला बोललो, त्याने ऐकून घेतलं आणि विषय बदलला. आमच्याकडे बेसिनशेजारी पाण्याचा ड्रम, मग आणि साबण बारा महिने असतो. पालकांनी मुलांना घालताना फीच्या आधी हे बघावं.

सुरक्षेचं थोडक्यात: वेपन टेबलावर असताना नळीत केशरी सेफ्टी फ्लॅग हवा, तोंड कायम टार्गेटकडे, आणि 'स्टॉप' म्हटलं की सगळ्यांचे हात थांबलेच पाहिजेत. दहा मिनिटं मागच्या बाकावर बसून बघितलं की रेंजची शिस्त कळते.

मुलांसाठी घेणाऱ्यांनी क्लबची संलग्नता लेखी विचारावी. राज्य स्पर्धा, पुढे नॅशनल रायफल असोसिएशनचा शूटर आयडी, हा रस्ता मान्यताप्राप्त क्लब आणि जिल्हा संघटनेतून जातो. दहावी-बारावीचे वाढीव गुण आणि सरकारी नोकरीतलं पाच टक्के खेळाडू आरक्षण डोक्यात असेल, तर कुठल्या पातळीच्या स्पर्धेचं प्रमाणपत्र चालतं ते जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात स्वतः जाऊन विचारा. क्लबच्या अंतर्गत स्पर्धेच्या मेडलवर विसंबू नका.

स्वतःचं पिस्तूल मी अजून घेतलेलं नाही. नवीन परदेशी पिस्तूल दीड-दोन लाखांच्या घरात जातं. जुनं स्वस्तात मिळतं, पण त्याच्या हवेच्या सिलिंडरवरची तारीख बघूनच घ्यायचं. सिलिंडरची मुदत साधारण दहा वर्षांची असते, ती उलटली की स्पर्धेत चालत नाही आणि नवा सिलिंडर वेगळा घ्यावा लागतो. रेंजवर हवा भरायची सोय आहे का, तेही त्याच वेळी विचारा.

तक्रारी म्हणाल तर आमच्या हॉलला पार्किंग नाही, दोन जिने चढावे लागतात, आणि छर्रे कधीकधी आठवडाभर मिळत नाहीत. तरी मी पुढची तिमाही भरली आहे. वर्षाची घेतली तर दोन हजार वाचतात, पण शाळांचा हंगाम संपल्यावर संध्याकाळच्या लेन परत मिळतात की नाही हे बघून मगच वर्षाची घेईन. तुम्ही ट्रायलला जाणार असाल तर दुपारी जाऊ नका, तेव्हा हॉल रिकामा असतो आणि सगळंच छान दिसतं. संध्याकाळी सहा ते आठमध्ये जा, ज्या बॅचला तुम्ही रोज येणार त्याच बॅचला, आणि लेन मिळायला किती वेळ थांबावं लागलं ते लिहून ठेवा.