क्रूझवर तान्ह्या लेकराचेही भाडे आणि टिप

जळगावहून मुंबईला रेल्वेने जाताना ५ वर्षांखालील मुलासाठी स्वतंत्र बर्थ घेतला नाही, तर तिकीट लागत नाही. त्याच सवयीने आम्ही १४ महिन्यांच्या धाकटीचा वेगळा हिशेब न विचारता क्रूझचे आरक्षण केले. जहाजाचे भाडे सहसा खोलीमागे नव्हे, तर माणशी आकारले जाते आणि जीवरक्षक बोटीत तान्ह्या बाळाचीही जागा धरावी लागते, हे समजल्यावर भाड्याबद्दल माझी तक्रार उरली नाही. खटकली ती टिप. अनेक कंपन्या ती दर प्रवाशामागे, दर रात्रीच्या हिशेबाने खात्यावर लावतात. काही जणी अगदी लहान मुलांना त्यातून वगळतात. आमच्या एजंटाने याबद्दल अवाक्षरही काढले नाही आणि शेवटच्या सकाळी हाती आलेल्या बिलात धाकटीच्या नावापुढे थोरल्याइतकीच रक्कम होती. सेवा मात्र मनापासूनची होती. खोली आवरणारा मुलगा रोज न सांगता पाळणा लावून ठेवी, वाढपी धाकटीसाठी मऊ वरणभात वेगळा आणी; त्यांना मी आपणहून पैसे दिले असते. आपल्या खानदेशातून जाणाऱ्यांनी मुलांचे भाडे, बंदर शुल्क आणि टिप यांचे आकडे आरक्षणापूर्वीच वेगवेगळे लिहून घ्यावेत.