कॉलेजच्या लॅबसाठी मायक्रोस्कोप घेताय? दिव्याचा नॉब आधी बघा

दुकानदार मायक्रोस्कोप दाखवताना १०० एक्सच्या लेन्सचंच कौतुक करतो. तुम्ही आधी उजेड कमी-जास्त करणारा नॉब फिरवून बघा. लातूरला आमच्या ज्युनिअर कॉलेजच्या लॅबसाठी घेतलेल्या या अंबाला बनावटीच्या मायक्रोस्कोपला तो अगदी हाताशी आहे. आरशाच्या जुन्या मायक्रोस्कोपवर जे दाखवताच येत नव्हतं, ते त्याच्यामुळे पोरांना दिसलं.

क्लॅमिडोमोनास हे एकपेशीय शैवाल, म्हणजे जेमतेम १० मायक्रॉनची (मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी) हिरवी पेशी. ४० एक्सवर कंडेन्सर (स्लाइडखालचं उजेड एकवटणारं भिंग) थोडा खाली घेऊन डायफ्रॅम (उजेडाची झडप) आवळला, की तिच्या दोन कशाभिका, म्हणजे पोहायचे बारीक धागे, दिसतात. मंद उजेडात ती पोहणाऱ्या माणसासारखे हात मारत पुढे जाते. सेकंदाला पन्नासेक फटके, म्हणून नुसती थरथर दिसते. नॉब एकदम पूर्ण फिरवला की पेशी थबकते आणि क्षणभर चक्क मागे पोहते! नेत्रबिंदूपाशी (पेशीवरच्या केशरी ठिपक्यापाशी) उजेड टिपला जातो, कशाभिकांमध्ये कॅल्शियम शिरतं आणि त्यांची हालचालच बदलते. नीटच्या एमसीक्यूंपायी 'कशाभिका चलनासाठी' एवढंच घोकलेली मुलं आयपीसवरून डोळा काढत नाहीत.

व्हिनेगरचा प्रयोगही यावर छान होतो. पातळ केलेल्या व्हिनेगरचा थेंब कव्हरस्लिपच्या कडेला सोडायचा आणि समोरच्या बाजूने टिपकागदाने ओढून घ्यायचा. कशाभिका बुडाशी तुटतात. मग आयोडीन दिलं की सुटे धागे दिसतात. इथेही कॅल्शियमच, बाहेरच्या पाण्यात ते नसेल तर आम्ल देऊनही कशाभिका गळत नाहीत. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, त्यामुळे ती चिंता नाही. परीक्षानळीतल्या पेशींना आम्ल देऊन ते लगेच उदासीन केलं, तर दीड-दोन तासांत कशाभिका पुन्हा वाढतात. तेही मुलांना जरूर दाखवा.

बॅटरी आतच आहे, लाइट गेली तरी प्रॅक्टिकल अडत नाही. खोट एकच, पण त्रासदायक: स्टेज (स्लाइड ठेवायची पाटी) हळूहळू खाली सरकते आणि ऐन वेळी फोकस जातो. बाजूची कडी आवळली की थांबते, पण हे दुकानदाराने सांगायला हवं होतं. फोन केला तर 'पाठवून द्या' एवढंच उत्तर मिळालं.

फक्त कायमच्या स्लाइड दाखवायच्या असतील तर आरशाचा स्वस्त मायक्रोस्कोप पुरे. जिवंत शैवाल दाखवायचं असेल तर मात्र जास्तीचे पैसे घाला आणि हाच घ्या.