इंडेक्सेस की इंडायसीज?

डेटाबेसचं मॅन्युअल लिहिणारी एक मैत्रीण अडली आहे: ‘इंडेक्स’चं (डेटा पटकन सापडावा म्हणून ठेवलेल्या सूचीचं) इंग्रजी अनेकवचन इंडेक्सेस लिहू की लॅटिन वळणाचं इंडायसीज? शब्दकोशात दोन्ही बरोबर, त्यामुळे तिथे निकाल लागत नाही.

माझ्या मते आधी सॉफ्टवेअर स्वतः काय म्हणतं ते बघावं. डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये इंडेक्सच्या यादीला दिलेली नावं अशी: पोस्टग्रेसमध्ये ‘पीजी_इंडेक्सेस’, ओरॅकलमध्ये ‘यूझर_इंडेक्सेस’, एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘सिस.इंडेक्सेस’. इलास्टिकसर्च या शोधासाठीच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र ‘_कॅट/इंडायसीज’. वाचक स्क्रीनवरचा शब्द उचलून मॅन्युअलमध्ये शोधतो. तिथे दुसरं रूप असेल तर माहिती असूनही त्याच्या हाती काही लागत नाही, आणि हे मला अक्षम्य वाटतं.

समजायला इंडेक्सेस सोपं. इंडायसीजवरून नवखे लोक ‘इंडाइस’ असं नसलेलं एकवचन तयार करतात.

गणितात चित्र उलटं आहे. आपल्याकडे आठवीच्या इंग्रजी माध्यमाच्या गणिताच्या पुस्तकातही घातांक म्हणजे इंडायसीजच. ॲरेमधल्या (प्रोग्रॅममधल्या क्रमवार यादीतल्या) स्थानांसाठीही तेच रूप रुळलंय.

म्हणून पोस्टग्रेस, ओरॅकलसारखा रिलेशनल (तक्त्यांत माहिती ठेवणारा) डेटाबेस किंवा पुस्तकाची सूची असेल तर इंडेक्सेस. घातांक, ॲरे किंवा मॅट्रिक्समधली (आकड्यांच्या चौकटीतली) स्थानं, इलास्टिकसर्च असेल तर इंडायसीज. एकाच मॅन्युअलमध्ये दोन्ही विषय आले, तर कुठलं रूप कशासाठी ते शैलीपत्रकात (लेखनाच्या ठरवलेल्या नियमांच्या यादीत) आधीच नोंदवून ठेवावं.